अस्मानी, सुलतानी आणि संशय

(खांदेश्वर येथील एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



एका शिक्षकाच्या स्मृतीस वाहिलेल्या व्यासपीठावरून संशयाविषयी बोलावयाचे, आणि तेही संशयाची बाजू सर्वस्वी न सोडता बोलावयाचे, हे औचित्याला धरूनच आहे असे मी मानतो. कारण शंका विचारणाऱ्या विद्यार्थ्याला दटावून खाली बसवणाऱ्या शिक्षकाच्या नावाने सहसा कोणी व्याख्यानमाला चालवीत नाही. आजचा संशय मात्र मोठ्या विषयाचा आहे. पृथ्वी तापत चालली आहे आणि त्या तापण्यास कोळसा, खनिज तेल व वायू जाळणारा मनुष्य मुख्यतः कारणीभूत आहे, या निष्कर्षावर विश्वास न ठेवणारी पुष्कळ सुविद्य माणसे मला भेटतात. पनवेलच्या लोकलमध्ये भेटतात, लग्नाच्या पंगतीत भेटतात, आणि या सभागृहातही काही असतील अशी माझी आशा आहे, कारण आधीच सहमत असलेल्यांपुढे दीड तास बोलणे हा उभयपक्षी कालापव्यय होय.

या विषयाला खांदेश्वर हे स्थळ मला विशेष अनुकूल वाटते, आणि त्याचे कारण येथील शिवालय किंवा त्यापुढील तलाव हे नसून, येथून फार दूर नसलेली, नवीन पनवेलमधली भारतीय भूचुंबकत्व संस्था हे आहे. रोज तिच्या फाटकावरून जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल की या संस्थेची वंशावळ थेट मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपर्यंत पोहोचते. ती वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली आणि १८४१ पासून तेथे चुंबकीय व हवामानविषयक नोंदींचे दप्तर नियमाने ठेवले जाऊ लागले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचा विचार पक्का झाला, तेव्हा त्या विजेच्या प्रवाहाने आपल्या नाजूक चुंबकसूचींची वाचने बिघडतील हे वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी ओळखले. त्यांनी खाडीपलीकडे अलिबागेस जागा पाहिली, लोखंडाचा संसर्ग टाळून पोरबंदरी दगडात नवी इमारत उभी करविली, आणि १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेऊन, दोहोंतील तफावत किती व कशी आहे याचा हिशेब पुरा झाल्यावरच जुन्या ठाण्यातील चुंबकीय नोंदी बंद केल्या.

मनुष्याच्या करणीने निसर्गाची नोंद भ्रष्ट तर होत नाही ना, ही शंका मूससाहेबांना आली. शंका आल्यावर त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिले नाही. त्यांनी दोन वर्षे दोन ठिकाणी मोजणी केली. प्रामाणिक संशय कसा असतो हे मला कोणी विचारले तर मी या अलिबागच्या उदाहरणाकडे बोट दाखवीन, आणि आजच्या हवामानविषयक संशयाचे जे नाना प्रकार आपल्यात वावरत आहेत त्यांना हीच कसोटी लावून पाहीन.

पहिला प्रकार तापमापकावरील संशयाचा. वेधशाळा पूर्वी माळावर होत्या, आता त्यांच्या भोवती डांबर व काँक्रीट झाले, तेव्हा पारा चढला यात नवल ते काय, असा हा आक्षेप आहे. मूससाहेबांच्या शंकेचाच हा वंशज असल्यामुळे तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शहरे आपल्या आसपासच्या खेड्यांहून उष्ण असतात हे निर्विवाद आहे. कामोठ्याच्या इमारतींच्या दाटीतून रात्री नऊ वाजता खाडीच्या बाजूला चालत गेलेल्या कोणालाही ते अंगाने कळते. परंतु हा आक्षेप कोणी तपासलाच नाही असे मानणे चूक आहे. अमेरिकेतील बर्कली येथील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना हीच शंका होती. ती तपासण्यासाठी त्यांनी जगभरच्या तापमानाचे दप्तर नव्याने लावले, त्या कामाला मिळालेल्या पैशात संशयवाद्यांना आश्रय देणाऱ्या एका धनिक प्रतिष्ठानचाही वाटा होता, आणि २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केले की शहरी ठाणी वगळली तरी तापमानवाढ तेवढीच दिसते आणि तिचे कारण जवळजवळ सर्वस्वी मानवी आहे. शिवाय अरबी समुद्रावर डांबरही नाही आणि काँक्रीटही नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या २०२० च्या शासकीय अहवालानुसार, १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचे पृष्ठभागीय तापमान सुमारे १ अंश सेल्सिअसने वाढले, आणि भारताच्या भूमीचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले.

दुसरा प्रकार सूर्यावर भार टाकणारा. येथे पुन्हा आपल्या शेजारच्या संस्थेचे दप्तर कामास येते, कारण सूर्याच्या क्षोभाची जी चिन्हे पृथ्वीवर उमटतात, त्यांतील एक प्रमुख चिन्ह म्हणजे भूचुंबकीय वादळ. १८५९ च्या सप्टेंबरात आलेल्या अतिप्रचंड सौरवादळाची कुलाब्यास झालेली नोंद येथल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये नव्याने अभ्यासली, आणि ती जगभर गाजली. त्याच १८५९ च्या वर्षी लंडनमध्ये जॉन टिंडल हा शास्त्रज्ञ कर्बद्विप्राणिल व बाष्प हे वायू उष्णता अडवून धरतात हे नळकांडे व उष्णतामापक घेऊन मोजू लागला होता. त्याच्याही तीन वर्षे आधी युनिस फूट या अमेरिकन स्त्रीने साध्या काचपात्रांत तत्सम प्रयोग केले होते. म्हणजे सूर्य की वायू, या वादातील दोन्ही पक्षांचे मूळ कागद एकाच सुमाराचे आहेत. पुढे काय झाले? सौरडागांचे आजवरच्या नोंदींतील सर्वांत प्रबळ चक्र १९५७-५८ च्या सुमारास शिखरास पोहोचले. २००८ पासून २०१९ पर्यंतचे चक्र तर सुमारे शतकभरातील सर्वांत दुर्बल ठरले. १९७८ पासून उपग्रहांनी सूर्याच्या तेजाची मोजदाद चालवली आहे, तीत वाढीचा कल आढळत नाही. सूर्य मंदावत असताना पृथ्वी तापत गेली, हे या दप्तराचे सांगणे आहे.

सूर्यपक्षाची अधिक सूक्ष्म मांडणी आपल्याच देशात झाली आणि ती करणारे कोणी ऐरेगैरे नव्हते. अवकाश संशोधन संस्थेचे माजी अध्यक्ष प्रा. उडुपी रामचंद्र राव यांनी २०११ च्या जानेवारीत असा निबंध प्रसिद्ध केला की, सूर्याचे चुंबकीय क्षेत्र प्रबळ झाल्याने पृथ्वीवर येणारे वैश्विक किरण घटतात, त्यामुळे मेघनिर्मिती घटते आणि पृथ्वी तापते. तेव्हा या कारणाचाही वाटा हिशेबात धरावा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तो निबंध चर्चेसाठी प्रसृत केला, हे योग्यच झाले. परंतु २००९ मध्ये वैश्विक किरणांचे प्रमाण अवकाशयुगातील उच्चांकास पोहोचले होते; या उपपत्तीप्रमाणे ढग वाढून पृथ्वी निवावयास हवी होती, आणि लगोलग आलेले २०१० हे साल तोवरच्या सर्वाधिक उष्ण सालांपैकी एक ठरले. राव यांच्या विद्वत्तेविषयी पूर्ण आदर ठेवूनही, त्यांच्या उपपत्तीने मागितलेला दाखला निसर्गाने दिला नाही असेच म्हणावे लागते.

“हवामान पूर्वीही बदलतच होते,” या तिसऱ्या आक्षेपावर फार थांबण्याचे प्रयोजन नाही. बदलत होते, आणि पूर्वी माणसे नैसर्गिक मरणाने मरत असत, एवढ्यावरून कोणत्याही फौजदाराने खुनाचा तपास आजवर थांबवलेला नाही. या प्रकरणातील पुरावा तर ठशांसहित आहे. हवेतील कर्बद्विप्राणिल औद्योगिक युगापूर्वी दशलक्षात सुमारे २८० भाग होता, १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंगने हवाई बेटावर मोजणी आरंभिली तेव्हा ३१५ होता, आणि आज ४२० च्या वर गेला आहे. जमिनीत कोट्यवधी वर्षे गाडल्या गेलेल्या कोळशात किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो, आणि हवेतील त्या कार्बनचे प्रमाण पातळ होत चालल्याचे हान्स सुएस याने १९५५ मध्येच दाखवून दिले. तापणे सूर्यामुळे असते तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. ते थंड होत आहेत आणि खालचा थर तापतो आहे. याचा अर्थ उष्णता खाली अडवली जात आहे.

आता एक गमतीचे प्रकरण सांगतो. १८८२ च्या जूनमध्ये मुंबईवर महाभयंकर चक्रीवादळ आले व त्यात लाखभर माणसे दगावली, अशी नोंद अनेक ग्रंथांत आणि आपत्तींच्या याद्यांत वर्षानुवर्षे छापली जात आली आहे. संशयवाद्यांना ही नोंद प्रिय असते, कारण २०२० च्या ३ जूनला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढून आले, तेव्हा तापलेल्या समुद्राचा विषय निघताच, “मग १८८२ साली कोणत्या मोटारी होत्या?” असा बिनतोड वाटणारा प्रश्न त्यांना टाकता येतो. प्रश्न वरवर रास्त आहे. अडचण एवढीच की ते वादळ झालेच नाही. अॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या वादळी धोक्याचा अभ्यास करताना या नोंदीचा माग काढला, तेव्हा तत्कालीन दप्तरात तिला काहीही आधार सापडला नाही. लाखभर मृत्यूंची वार्ता त्या काळच्या मुंबईतील एकाही वृत्तपत्राच्या नजरेतून सुटावी, हे संभवतही नाही. जो हवामानशास्त्रज्ञांच्या प्रत्येक आकड्यावर संशय घेतो, तो स्वतःच्या सोयीच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो, आणि तोही अर्धवट संशयच होय. एका ‘निसर्ग’ वादळावरून हवामानबदल सिद्ध होत नाही हे मलाही मान्य आहे. त्यासाठी दशकांच्या नोंदी लागतात, आणि अरबी समुद्रातील प्रबळ वादळे वाढत असल्याचे त्या नोंदी सांगत आहेत.

चौथा प्रकार माझ्या मते सर्वांत आदरणीय आहे, आणि तो आपल्या भातशेतीशी निगडित आहे. हवामानबदलाचे हे सगळे प्रकरण म्हणजे श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांची प्रगती रोखण्यासाठी रचलेला कट होय, असा हा संशय. तो निराधार नव्हता. १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या एका संस्थेने राष्ट्राराष्ट्रांच्या उत्सर्जनाचा जो ताळेबंद मांडला, त्यात भाताची खाचरे व गुरे यांतून निघणाऱ्या मिथेनचा भार टाकून भारताला मोठ्या अपराध्यांच्या पंक्तीत बसवले होते. १९९१ मध्ये अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी त्याचा प्रतिवाद करताना, गरिबाच्या पोटापाण्याचा धूर आणि श्रीमंताच्या चैनीचा धूर एकाच मापाने मोजण्यास हरकत घेतली. याच सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा अंदाज असा होता की भारताची भातखाचरे वर्षाकाठी सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन सोडतात. डॉ. अशेषप्रसाद मित्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये देशोदेशीच्या नव्हे, आपल्याच प्रांतोप्रांतीच्या खाचरांवर पेट्या लावून प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा आकडा सुमारे ४० लाख टनांच्या आसपास, म्हणजे परकीय अंदाजाच्या साधारण दहाव्या हिश्शावर आला; आणि जगाला तो मान्य करावा लागला.

पनवेल, पेण, अलिबागच्या खाचरांवर वाढलेल्या माणसाने हे उदाहरण तोंडपाठ ठेवावे. संशय घेतला, मोजणी केली, दावा जिंकला. आणि ध्यानात घ्या, डॉ. मित्रांनी मिथेन उष्णता अडवीत नाही असे म्हटले नाही. त्यांनी हिश्शाचा हिशेब दुरुस्त केला. आजही एका भारतीयाच्या वाट्याला वर्षाला सुमारे २ टन कर्बद्विप्राणिल येतो आणि एका अमेरिकनाच्या वाट्याला सुमारे १४ टन, तेव्हा दोष कोणाचा व भरपाई कोणी द्यावी, यावर आपण खुशाल भांडावे, किंबहुना भांडलेच पाहिजे. परंतु देणे कोणाचे यावरचे भांडण जिंकण्यासाठी मुळात कर्जच झाले नाही असा पवित्रा घेणारा वकील आपल्या अशिलाचे नुकसान करतो.

कटाच्या या संशयास बळ मिळाले ते हिमनद्यांच्या प्रकरणाने. हवामानबदलविषयक आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात असे विधान होते की हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील. २००९ च्या नोव्हेंबरात भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे निवृत्त अधिकारी विजयकुमार रैना यांचा निबंध मंत्री जयराम रमेश यांच्या मंत्रालयाने प्रसिद्ध केला. त्यात हिमनद्या असाधारण वेगाने मागे हटत असल्याचा पुरावा नाही असे प्रतिपादन होते; आणि त्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची जादूटोण्याचे शास्त्र म्हणून संभावना केली. दोन-अडीच महिन्यांतच, २० जानेवारी २०१० रोजी, त्या मंडळाला ते विधान मागे घ्यावे लागले. पचौरींचा उद्धटपणा अक्षम्य होता असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र २०३५ ची चूक शोधून काढण्यात पुढाकार घेणारे ग्रॅहम कॉगली हे स्वतः हिमनद्यांचे अभ्यासक होते आणि तापमानवाढ मानणारे होते, ही गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही. २०१९ मध्ये काठमांडूच्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनानुसार, तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी शतकाअखेर हिंदुकुश-हिमालयातील हिमाचा सुमारे एकतृतीयांश भाग नष्ट होईल.

आता घराजवळ येतो. खांदेश्वर, कळंबोली, कामोठे या परिसरातील जुन्या ग्रामस्थांत जो संशय आढळतो, तो वरीलपैकी कोणताच नव्हे. ते म्हणतात, “साहेब, आकाशाचे काही नाही, सगळा भरावाचा प्रताप आहे.” आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हा सारा प्रदेश गाढी, काळुंद्रे, उलवे या नद्यांच्या मुखाशी असलेल्या खाजणांचा. भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून खारबांध आणि उघाड्या यांच्या साह्याने पिढ्यानुपिढ्या लोकांनी तो राखला होता. सिडकोने नगर वसवताना हे भान अगदीच सोडले नव्हते. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवावे आणि ओहोटीला सोडून द्यावे यासाठी धारण-तलाव बांधण्यात आले, ही योजना सुज्ञपणाची होती. परंतु त्यांपैकी कित्येकांत गाळ साचला व कांदळवन माजले. पुढे विमानतळासाठी नव्वद मीटरांहून उंच अशी उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि पारगाव-डुंगी भागातले ग्रामस्थ भरावामुळे घरांत पाणी शिरत असल्याची कैफियत मांडू लागले.

जुन्या मक्त्यांच्या व कबुलायतींच्या कागदांत अस्मानी आणि सुलतानी या दोन आपत्तींची स्वतंत्र तरतूद असे. जमाबंदीचा सारा व्यवहारच या भेदावर उभा होता. पाऊस रुसला तर आणेवारी पाहून सूट किंवा तहकुबी मिळावयाची. राज्यकर्त्याच्या करणीने रयत बुडाली तर त्याची दाद वेगळी. ग्रामस्थांचा संशय असा आहे की सुलतानीला अस्मानीचे नाव देऊन अंमलदार मोकळे होत आहेत. हा संशय मी शिरोधार्य मानतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्यास सुमारे ७४. तो पाऊस अस्मानीच होता. पण मुंबईची पर्जन्यगटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची होती आणि मिठी नदी आक्रसलेली होती, हे डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीने तपशिलाने मांडले. आकाशाकडे बोट दाखवून गटाराचा हिशेब चुकवता येत नाही.

तथापि ग्रामस्थांची चूक एका जागी होते. ते समजतात की जमिनीवर माणसाचा हात सिद्ध झाला म्हणजे आकाशातला हात आपोआप खोटा ठरला. दोन्ही हात एकाच वेळी चालू शकतात. दर अंशामागे हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, आणि पुण्याच्या संस्थेतील रॉक्सी कोल यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या आहेत. येथून दोन स्थानके पलीकडे, खारघरच्या मैदानावर, १६ एप्रिल २०२३ रोजी भर दुपारच्या उन्हात झालेल्या पुरस्कारसोहळ्यानंतर चौदा माणसे उष्माघाताने दगावली. त्या महिन्यातील दमट उष्णता भारत-बांगलादेशाच्या भागात मानवी हवामानबदलामुळे किमान तीसपट अधिक संभवनीय झाली, असा अभ्यासकांचा निष्कर्ष पुढे आला; आणि लाखो माणसांना मंडपाविना दुपारी बसवण्याचा निर्णय तर कोणत्याही वायूने घेतलेला नव्हता. पूर्वीची अस्मानी आता पुरती अस्मानी राहिलेली नाही, तीत दूरदूरच्या भट्ट्यांचा आणि आपल्याही वीजकेंद्रांचा वाटा आहे. म्हणून सूट मागण्याचे जुने कारण अंमलदारांच्या हातून गेले आहे, आणि कारण नाकारण्याची जुनी सोय संशयवाद्यांच्याही हातून गेली आहे.

श्रोतेहो, तुमचा संशय मी घेऊन जाण्यासाठी आलेलो नाही. तो तुमच्याजवळच ठेवा, फक्त त्याला मोजणीची सवय लावा. पुढच्या मे महिन्यात महानगरपालिका आणि सिडको या दोघांकडे लेखी विचारा: आपल्या परिसरातील धारण-तलावांतून या वर्षी किती गाळ काढला, उघाड्यांच्या झडपांची तपासणी कोणत्या तारखेस झाली, आणि पर्जन्यगटारे ताशी किती मिलिमीटर पावसाच्या व किती उंचीच्या भरतीच्या हिशेबाने आखली आहेत, तो हिशेब जुन्या पावसाचा आहे की आताच्या, हेही विचारा. उत्तर तीस दिवसांत देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो.